बसूनं एकट्यानं तपासलेलं पान

बसूच्या थोरल्या बहिणीचा, गंगाक्काचा फोन आला तेव्हा मी शिरोलीत कारखान्यात होतो. पंपाच्या ओतकामासाठी केलेल्या एका लाकडी नमुन्याला, पॅटर्नला, पॉलिश पेपर मारत होतो. मशिनच्या आवाजात आधी काही ऐकूच आलं नाही. बाहेर येऊन पुन्हा लावला. "रफिक, बसू गेला रे," एवढंच म्हणाली ती, आणि मग कन्नडमध्ये बोलत राहिली. माझ्याशी नव्हे, केव्हाच गेलेल्या आपल्या अव्वाशी, आईशी. सकाळी अंघोळ करून बसू बाहेर आला, कपाळाला विभूती लावली, खुर्चीत बसला आणि तिथंच संपला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मला रडू आलं नाही त्या दिवशी. तिथल्या तिथं दोन दिवसांची रजा टाकली आणि शाहूपुरीत आलो.

आता दीड महिना होत आला. पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं, मित्राबद्दल चार आठवणी लिहा. लिहितो. पण गोडगोड वाचायला बसला असाल तर दुसरं पान बघा, कारण माझं डोकं फिरलंय आणि ते अजून ताळ्यावर आलेलं नाही. बसवराजच्या नावाला एक चूक चिकटवलेली आहे. छापून, जगजाहीर करून चिकटवलेली आहे. ती चूक त्याची नाही. ती माझी आहे. हे चारचौघांत सांगायला मला दुसरी जागा मिळाली नाही, म्हणून हा कागद काळा करतोय.

बसवराज म्हणजे आमचा बसू. शाहूपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानदाराचा धाकटा मुलगा, जन्मापासून आंधळा. 'दृष्टिहीन' वगैरे म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "आंधळा म्हण की सरळ. तू दृष्टिहीन म्हणंस्तोवर मी रस्ता ओलांडून पलीकडं जातो," म्हणायचा. अंधशाळेत त्यानं आयुष्यभर मास्तरकी केली, आणि शाळा सुटली की ब्रेलमधल्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. छापून आलेल्या पानावरून त्याचं बोट सुतारानं रंधा मारलेल्या फळीवरून हात फिरवावा तसं जायचं, आणि कुठं ठिपका कमी उठला असेल तिथं कुरकुरत थांबायचं. त्याच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. हा त्याचा एकच माज होता. बाकी माणूस साधा... म्हणजे तोंडाळ, पण साधा.

आमची ओळख माझ्या अब्बांमुळं. दुकानातली सगळी कपाटं अब्बांनी केलेली, त्यांच्याबरोबर मी जायचो. पुढं मी कारखान्यात लागलो, शिफ्टा बदलायच्या, मोबाइल तेव्हा नव्हते. माझी पाळी कुठली, रविवारी येणार का नाही, हे बसूला कळवायचं कसं? दुकानातल्या पोरांकडं निरोप ठेवला तर ते विसरायचे. मग एका दिवाळीत त्यानं मला पाटी आणि टोचा दिला. "लिहाय शीक. मला चिठ्ठी टाकत जा." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवायचा आणि टोच्यानं वरून टोचायचं. वर खड्डा पडतो, कागदाच्या मागं ठिपका उठतो. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडं. कागद काढून पालथा केला की वाचायचं डावीकडून उजवीकडं. प्रत्येक अक्षराला सहा ठिपक्यांचं एक घर. लिहिताना उजव्या हाताला वरून खाली एक, दोन, तीन आणि डाव्या हाताला चार, पाच, सहा. उजवीकडून लिहिणं मला मदरशातच अंगवळणी पडलेलं, त्यामुळं महिन्याभरात माझा हात बसला. 'सेकंड शिफ्ट. रविवारी येतो. मिसळ तुझ्याकडून.' अशा चिठ्ठ्या मी वर्षानुवर्षं दुकानात टाकल्या. त्याचं उत्तर तोंडी यायचं, बहुतेक वेळा शिवीसकट. म्हणजे मी टोचायचो, तो वाचायचा. ठिपक्यांच्या बाजूनं एक ओळ वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. मोबाइल आल्यावरही चिठ्ठ्या थांबल्या नाहीत. त्याला त्या आवडायच्या.

आता त्या पुस्तकाचं. जगातल्या सगळ्या भाषांचं ब्रेल एकत्र दाखवणारा एक जाडजूड संदर्भग्रंथ आहे. कुठल्या भाषेत कुठल्या अक्षराला कुठले ठिपके, हे बघायचं झालं की कुठलाही छापखाना, कुठलाही नवा मास्तर तेच उघडतो. त्याच्या जुन्या आवृत्तीत मराठीला पान नव्हतं. एक ओळ होती, 'हिंदीप्रमाणे'. बस्स. बसूला हे कुणीतरी वाचून दाखवलं त्या दिवसापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. "हिंदीपरमाणं? मग ळ कुटं गेला आमचा? गूळ न्हाय, मिसळ न्हाय, कमळ न्हाय? जेवायचं काय आनि पूजायचं काय मराठी मानसानं?" असा तो आल्यागेल्याला ऐकवायचा. मी हसायचो. पण त्याला खरंच लागलं होतं. परदेशातल्या एखाद्या छापखान्यानं उद्या मराठी पुस्तक काढायचं ठरवलं तर ते त्या ओळीवर विसंबून काढणार, आणि त्याची पोरं ते चुकीचं वाचणार, असं त्याला दिसायचं. होय, दिसायचंच. त्यानं पत्रांवर पत्रं लिहिली. कितीतरी वर्षं उत्तरच नाही. मग मागच्या वर्षी ग्रंथ काढणाऱ्या मंडळाच्या हापिसातून फोन आला की ग्रंथ अद्ययावत करतोय, मराठीचं पान तुम्ही करून द्या, तपासनीस म्हणून तुमचं नाव घालू. मंडळाचं नाव इथं लिहीत नाही. संपादकांनी नको म्हटलंय, नाहीतर ठळक अक्षरात लिहिलं असतं.

बसू त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभा राहून मला फोनवर ओरडून सांगत होता. पेढे वाटले. हापिसाला हातानं टोचलेला नमुना हवा होता, तर ह्यानं तीन वेळा पहिल्यापासून केला. एका ओळीत एकच अक्षर, बाकी ओळ मोकळी, म्हणजे अक्षरं कापून पानात लावणाऱ्याचा गोंधळ नको. गंगाक्का म्हणायची, "मुलगी बघायला चाललाय जणू." कागद दोन पुठ्ठ्यांत घालून मीच कुरिअरला टाकून आलो.

आणि मग एका रविवारी दुपारी तपासणीसाठी पान आलं. कसं आलं? मोबाइलवर. पीडीएफ! ठिपक्यांचं चित्र. ब्रेलच्या ग्रंथातलं ब्रेलचं पान, आंधळ्या माणसाला तपासायला, आणि ते शाईत. बसूनं फोन कानाला लावला, फोनमधली ती बाई वाचून दाखवते तशी वाचायला लागली, "चित्र... चित्र... चित्र..." आम्ही दोघं हसलो आधी. मग त्यानं हापिसात फोन लावला. रविवार असूनही तिथला समन्वयक कामावर होता, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. बसू म्हणाला, "सायेब, ठिपकं उठवून कागद पाठवा. बोटानं बघतो, दुसऱ्या दिवशी कळवतो." तो म्हणाला, "सर, एम्बॉसिंगची सोय प्रेसला नाही. आणि वेळही नाही. परवापर्यंत तुमची मान्यता आली नाही, तर जुनीच ओळ ठेवावी लागेल." बसू दोनदा बोलला, तीनदा बोलला, आवाज खाली आणून बोलला. त्याला मी कुणापुढं आवाज खाली आणताना तोवर कधी बघितलं नव्हतं. फोन ठेवून म्हणाला, "रफ्या, तू वाच. तुला येतंय की."

मला येतंय की! मी चष्मा लावला आणि वाचलं. कागदावरच्या खड्ड्यांचा फोटो होता तो, शेजारी मराठी अक्षर छापलेलं. मला तर ते घरच्यासारखं वाटलं, पाटीतनं आत्ताच टोचून काढल्यागत. मी म्हणायचो, "ह. एक, दोन, पाच." तो म्हणायचा, "व्हय." मी म्हणायचो, "र. एक, दोन, तीन, पाच." "व्हय." ळ आला तेव्हा त्यानं मला थांबवलं. "सावकास सांग." मी म्हणालो, "चार, पाच, सहा." त्यानं मांडीवर थाप मारली. "आला! जगात आला ळ!" तासाभरात सगळं पान झालं. एकही चूक नाही. त्यानं तिथल्या तिथं 'तपासले, बरोबर आहे' असं पाठवून दिलं. गंगाक्कानं गरम भजी आणली आणि आम्ही दोघं शहाणे भजी खात बसलो.

ग्रंथ आला तो शाईतच. बसूनं पानावरून हात फिरवला, गुळगुळीत. मग मला त्याचं नाव चार वेळा वाचायला लावलं. पुढं दोनेक महिने सगळं ठीक होतं. मग त्याचं काहीतरी बिनसलं. मला वाचायला देणं त्यानं बंद केलं. बँकेचं पत्र, औषधाची चिठ्ठी, लग्नाच्या पत्रिका, सगळं माझ्याकडून वाचून घेणारा माणूस फोनवरच्या बाईकडून वाचून घ्यायला लागला. त्या ग्रंथाचं नाव काढलं की विषय बदलायचा. कन्नडचं पानही त्याच्याकडं येणार होतं, त्याचं काय झालं विचारलं तर म्हणाला, "दिलं कुणाला तरी." मला राग आला. मला वाटलं, जगात नाव छापून आल्यावर ह्याला आता फौंड्रीतला रफिक नकोसा झाला. शेवटच्या रविवारी मी त्याच्या तोंडावर बोललो. "लई मोठा झालास व्हय रं? तीस वर्सं माझं डोळं वापरलंस, आता नको झालं?" तो हसला. "तुझं डोळं म्हातारं झाल्यात, रफ्या. जरा इसावा दे त्यास्नी." मी चहा न घेता उठलो. गंगाक्का दारापर्यंत हाका मारत आली, मी मागं वळून बघितलं नाही. ती आमची शेवटची भेट. मी चहा न घेता उठलो.

लिंगायतांत माणसाला बसवून मातीत ठेवतात, आमच्यात झोपवून. मूठमूठ माती टाकून लोक परतायला लागले, तेव्हा सुनंदा नवऱ्याचा हात धरून माझ्याजवळ आली. सुनंदा ही बसूची जुनी विद्यार्थिनी, तिलाही दिसत नाही. सांगलीकडं एका शाळेत शिकवते. रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "सरांचं सोनं झालं हो आयुष्याचं. एवढी एक त्या पानाची चूक सोडली तर..." मी म्हणालो, "कुठली चूक?" तिला वाटलं, मला माहीत आहे. तिच्या शाळेतल्या एका डोळस बाईंनी ग्रंथातलं मराठीचं पान बघून, पुठ्ठ्यांवर मणी चिकटवून, पोरांसाठी तक्ते केले होते. सुनंदानं हात लावला तर सगळी अक्षरं उलटी. आरशात बघावीत तशी. ह चा ज झालेला, इ चा ए झालेला, आणि ळ चा... ळ चा ल झालेला. तिनं घाबरत बसूला फोन केला. "सरांनी मला एकेक अक्षर परत सांगायला लावलं. मग हसले. म्हणाले, आयला, शिकवलंच अर्धं की मी. मला काय कळलं नाही त्यांना काय म्हणायचंय."

मला कळलं. तिथंच, पायाला ओली माती लागलेली असताना. हापिसातल्या कुणीतरी त्याचा कागद पालथा न करता, टोचलेल्या बाजूनंच फोटो काढला होता. खड्डे काळे ठसठशीत दिसतात, म्हणून त्यांना ती बाजू बरी वाटली असणार. पान उलटं झालं. आणि ते उलटं पान मी वाचलं उजवीकडून. कारण मला दुसरं येतच नव्हतं! तीस वर्षं मी फक्त खड्ड्यांच्या बाजूनं ठिपके बघितले होते. त्यांची उलटी बाजू आणि माझी उलटी बाजू एकमेकांत अशी फिट्ट बसली की बसूच्या कानाला सगळं सुलटं ऐकू गेलं. डावीकडून वाचणाऱ्या कुठल्याही माणसानं पहिल्या अक्षराला त्याला सावध केलं असतं. मी एकटाच असा निघालो की ज्याला ते पान बरोबर दिसावं. आणि धंदा काय माझा? पॅटर्न मेकर! नमुना वाळूत दाबला की वाळूत अक्षर उलटं उठतं आणि ओतकाम सुलटं निघतं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. पगार घेतो त्याचा. घरी येऊन बायकोला हे सांगितलं तर ती बिचारी म्हणाली, "होतं असं." होतं असं? माझ्याकडून होतं आणि नाव बसूचं लागतं?

कारण नाव लागलंच होतं. सुनंदानं मला सांगितलं आणि मग मी स्वतः मोबाइलवर शोधून वाचलं. मंडळाच्या संकेतस्थळावर शुद्धिपत्र आहे. 'मराठीचे पान तपासनिसांच्या दुर्लक्षामुळे उलटे छापले गेले', आणि पुढं बसवराजचं पूर्ण नाव, गावासकट. दुर्लक्ष! ज्या माणसानं एक पान तीनदा टोचलं त्याचं दुर्लक्ष. फोटो काढणाऱ्याचं नाव नाही, चित्र पाठवणाऱ्याचं नाही, 'वेळ नाही' म्हणणाऱ्याचं नाही. कन्नडचं पान त्यानं कुणाला दिलं नव्हतं, ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं. आणि ह्या बाबानं चार महिने हे पोटात ठेवलं, माझ्याकडून 'मोठा झालास व्हय' ऐकून घेतलं आणि वर माझ्याच डोळ्यांना विसावा दिला. मला मंडळाचा राग येतो त्याच्या दुप्पट त्याचा येतो. अरे, सांगायचं होतंस. शिव्या घालायच्या होत्यास. तेवढा हक्क नव्हता का तुझा माझ्यावर?

महिन्याभरापूर्वी गंगाक्कानं मला बोलावून घेतलं. बसूच्या टेबलात एक फाइल होती, त्यात ब्रेलचे कागद, आणि तिला वाटलं मला वाचता येईल. त्या टेबलाशी बसून मी कागद उलटा केला, सुलटा केला... दोन्ही बाजूंनी टोचलेला, खड्डे आणि ठिपके एकमेकांत मिसळलेले, काही लागेना. शेवटी सुनंदाला बोलावलं. तिनं बोट टेकवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. हापिसाला पाठवलेल्या पत्राची त्यानं स्वतःजवळ ठेवलेली प्रत होती ती. 'मराठीच्या पानाची तपासणी मी स्वतः, एकट्यानं केली. त्यात दुसऱ्या कुणाचाही हात नाही. जी चूक झाली ती सर्वस्वी माझी.' खाली त्याचं नाव. सुनंदाचं बोट तिथंच राहिलं. गंगाक्का पदर तोंडाला लावून उभी. मग सुनंदाच म्हणाली, अगदी हळू, "पण काका... ते तर चित्र होतं ना? सरांनी एकट्यानं वाचलं कसं?"

दीड महिन्यात मला विचारलेला एकमेव शहाणा प्रश्न. तो एका आंधळ्या बाईनं विचारला. मी तिथनंच, त्याच्या खुर्चीतनं, हापिसात फोन लावला. तोच समन्वयक. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे म्हणालो, शुद्धिपत्रातलं नाव बदला. तो म्हणाला, "अहो, पण त्यांनी स्वतः लिहून दिलंय की एकट्यानं तपासलं." मी म्हणालो, "सायेब, तुम्ही चित्र पाठवलंसा. त्यो आंधळा हुता." पलीकडं फायलीतले कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हो... ते आमच्या लक्षात नाही आलं." लक्षात नाही आलं! ब्रेलचा ग्रंथ काढणारं हापिस, आंधळा माणूस लिहून देतो की मी एकट्यानं चित्र तपासलं, ते पत्र फायलीला लागतं, त्यावर शिक्का बसतो, माणसाची बेअब्रू छापली जाते, आणि एकाच्याही डोक्यात येत नाही की हे झालं कसं. बसूला ते माहीत होतं. ते विचारणार नाहीत एवढी खात्री असल्याशिवाय असलं उघडं खोटं तो बोललाच नसता. पुढं तो समन्वयक अगदी अदबीनं म्हणाला, "सुधारित पान आपण करूच. तुम्हाला ब्रेल येतं म्हणता, शिवाय तुम्ही डोळस आहात. तुम्हीच तपासून द्याल का? पीडीएफ पाठवतो."

मी काय बोललो ते पुरवणीत छापता येणार नाही. बोलून झाल्यावर मात्र त्याला नीट सांगितलं, की ठिपके उठवलेला कागद सुनंदाच्या पत्त्यावर पाठवा, तिचं बोट फिरल्याशिवाय पान जाऊ द्यायचं नाही, आणि शुद्धिपत्रात माझं नाव घाला, गावासकट. 'वरिष्ठांना विचारतो,' म्हणाला. अजून विचारतोय. आज सकाळीही मी बघितलं, बसूचंच नाव आहे.

दर रविवारी मी शाहूपुरीत जातो. सुनंदा फोनवर सांगते, आणि मी बसूच्या खुर्चीत बसून, चष्मा काढून, डावीकडून वाचायला शिकतो. माझी बोटं पॉलिश पेपरनं घासून राठ झालेली, ठिपके लवकर कळत नाहीत. शिकायला कागद म्हणून गंगाक्कानं दुसरं काही देऊ केलं होतं, पण मी ते पत्रच घेतलं. पहिली ओळ लागायला तीन रविवार गेले. 'एकट्यानं' या शब्दापाशी बोट आलं की मी थांबतो, त्याला एक सणसणीत शिवी देतो, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो.